दोन लॅमिंग्टन रोड : चित्रपटातील शहर आणि राष्ट्राची ओळख



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. इतिहास शिकविताना ते मुलांना वारंवार विचारीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात, की "हे कोठे घडले?" कोणी घडविले आणि केव्हा घडले, हे पुस्तकात असतेच. कोठे घडले, हे मात्र पायाखाली असते आणि म्हणूनच ते नजरेतून निसटते. तोच प्रश्न आज चित्रपटाला विचारावा, असे मी योजिले आहे. चित्रपटात दिसणारी एखादी ओळखीची जागा, एखादा चौक, स्थानक वा समुद्रकिनारा, "हा आपला देश" अशी जाणीव प्रेक्षकाच्या मनात कशी उभी करते? आणि ज्या गावांच्या जागा पडद्यावर कधी येतच नाहीत, त्या गावांनी आपली ओळख कोठे शोधावी?

विषय चित्रपटाचा असला तरी आरंभ आपल्या दारातूनच करतो. हुबळीतील लॅमिंग्टन रोड आपल्या रोजच्या पायाखालचा आहे. याच नावाचा दुसरा रस्ता मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळ आहे. दोन्ही नावे एकाच गृहस्थाची. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि धारवाड जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात मोडत होता. मुंबईच्या रस्त्याचे नाव पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे झाले. लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. त्या रस्त्याने आणि त्याच्या परिसराने चित्रपटाच्या व्यवसायाचा मोठा भाग पाहिला. मिनर्व्हा हे भव्य चित्रपटगृह तेथे होते. नाझ इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. चित्रपट कोणत्या गावी, किती आठवडे लागावयाचा, याचे व्यवहार तेथे ठरत. म्हणजे एका लॅमिंग्टन रोडवर चित्रपटांचा सौदा होत होता आणि दुसऱ्या लॅमिंग्टन रोडच्या गावातील माणूस तिकीट काढून ते चित्रपट पाहत होता. पडद्यावर मात्र दिसत होती ती बहुधा पहिल्याची नगरी.

१

भारतात चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. ल्युमिएर बंधूंच्या त्या चित्रांत स्थानकावर येणारी आगगाडी होती, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते. पण ते स्थानक आणि तो कारखाना फ्रान्समधला होता. हे खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. सावेदादा या नावाने ते प्रसिद्ध आहेत. छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या या मराठी गृहस्थाने विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. आपल्या देशातील माणसाने घेतलेल्या पहिल्या चित्रांत तिची गणना होते. जागा बागेची आणि प्रसंग कुस्तीचा. राष्ट्र हा शब्दही तेथे कोणाच्या मनात नसेल.

दोन वर्षांनी, डिसेंबर १९०१ मध्ये, सावेदादांनी जे चित्रित केले त्याचे महत्त्व निराळे आहे. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले होते. सीनियर रँग्लर हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. राज्यकर्त्यांच्या देशात, राज्यकर्त्यांच्याच परीक्षेत, त्यांच्या मुलांना मागे टाकून आलेला हा तरुण मुंबई बंदरात उतरला, तेव्हा त्याच्या स्वागताला लोटलेला समुदाय सावेदादांच्या कॅमेऱ्याने टिपला. या चित्राला कथा नव्हती, नट नव्हते आणि आवाजही नव्हता. तरीही पाहणाऱ्याला त्यातील अर्थ सांगावा लागत नव्हता. ज्या बंदरावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय उतरत, त्याच बंदरावर आता "आमचा" माणूस उतरत होता. जागा जुनीच होती. तिच्यातून चालणारा मनुष्य बदलला आणि जागेचा अर्थ पालटला. माझ्या मते आपल्या विषयाचे बीज येथे आहे.

कलकत्त्यात हेच काम हिरालाल सेन करीत होते. २२ सप्टेंबर १९०५ रोजी वंगभंगाच्या विरोधात टाऊन हॉलजवळ जी प्रचंड सभा भरली, तिचे चित्रण त्यांनी केले. टाऊन हॉल ही सरकारी वैभवाची वास्तू. तिच्या पायऱ्यांसमोर स्वदेशीची घोषणा करणारा समाज उभा आहे, असे ते चित्र. सेन यांची चित्रे १९१७ च्या आगीत नष्ट झाली. नोंद उरली आणि चित्र गेले. त्या पहिल्या पिढीच्या बहुतेक चित्रांची हीच कथा आहे.

२

दादासाहेब फाळके यांच्या "राजा हरिश्चंद्र"चा पहिला सार्वजनिक खेळ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात झाला. परदेशी चित्रपटात ख्रिस्ताचे चरित्र पाहून आपल्या देवांना आणि आपल्या माणसांना पडद्यावर आणण्याची जिद्द फाळक्यांनी धरली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. फाळक्यांच्या लेखी चित्रपट हा स्वदेशीचा उद्योग होता. मात्र त्यांनी राष्ट्राची ओळख पुराणात शोधली. अयोध्या आणि गोकुळ त्यांनी पडद्यावर आणले, चालू काळातील शहर बाजूस राहिले. त्यामागे तंत्राच्या अडचणी होत्या, प्रेक्षकांची आवड होती, आणि पुढे आणखी एक कारण आले. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटाच्या गळ्याशी परीक्षणाचा फास आला. १९२१ सालच्या "भक्त विदुर" या चित्रपटातला विदुर खादीच्या टोपीमुळे गांधीजींसारखा दिसतो, म्हणून मद्रास आणि कराची येथे त्याच्यावर बंदी आली. पुराणातील पात्राची टोपीसुद्धा जेथे खपत नव्हती, तेथे मुंबईच्या रस्त्यावरची मिरवणूक कथेत कोण दाखविणार?

येथे आपल्या गावाचा इतिहासाशी थेट संबंध येतो. कोल्हापूरचे शांताराम वणकुद्रे हे सोळा-सतरा वर्षांचे असताना हुबळीत राहत होते. येथील रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात त्यांना दरमहा १५ रुपयांवर काम मिळाले. कारखान्याची पाळी संपली की संध्याकाळी ते पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या सिनेमागृहात दारावर उभे राहत; त्याचे दरमहा ५ रुपये. दारावरच्या मुलाला एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावयास मिळतो. प्रेक्षक कोठे हसतो, कोठे गप्प होतो, कोठे टाळी देतो, हे तो पडद्याकडे पाठ करूनही शिकतो. व्ही. शांताराम या नावाने पुढे सर्व देशाला परिचित झालेल्या या माणसाची चित्रपटाची पहिली शाळा हुबळीत होती, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? ते सिनेमागृह नेमके कोणत्या कोपऱ्यावर होते, याचा एखादा फलक गावात असावा, असे आपल्याला कधी वाटले काय?

शांताराम १९२० च्या सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले आणि १९२९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी प्रभातने शिवकालावर चित्रपट काढला. शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः शांतारामांची होती. चित्रपटाचे नाव ठेवले होते "स्वराज्याचे तोरण". ते साल होते १९३०, मिठाच्या सत्याग्रहाचे. परीक्षकांना "स्वराज्य" हा शब्द सोसला नाही. नाव बदलून "उदयकाल" करावे लागले आणि शेवटच्या ध्वजारोहणाच्या दृश्यालाही कात्री लागली. गडाच्या माथ्यावर तीनशे वर्षांपूर्वीचा झेंडा चढताना दिसला, तरी प्रेक्षक तो आजचाच समजेल, हे सरकारने बरोबर ओळखले होते. स्थळ आणि ध्वज एका चौकटीत आले की काय होते, याची सत्तेला त्या काळी आपल्याहून अधिक जाण होती, असे म्हटले पाहिजे.

शांतारामांनीच १९४६ साली "डॉ. कोटणीस की अमर कहानी" काढली. सोलापूरचा एक डॉक्टर चीनच्या रणभूमीवर जातो आणि तेथे १९४२ साली देह ठेवतो, ही सत्यकथा. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, देशाची ओळख देशाबाहेरच्या भूमीवर एका मराठी गावच्या माणसाच्या सेवेतून सांगण्याचा हा प्रयत्न होता.

३

स्वातंत्र्यानंतर चित्रपट स्टुडिओच्या भिंती ओलांडून रस्त्यावर आला. त्याला दोन कारणे घडली. पहिले सरकारी. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी समाचारचित्र दाखविणे बंधनकारक झाले. लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण, धरणांची बांधकामे, राजपथावरील संचलन हे सारे हुबळीच्या, गदगच्या, निपाणीच्या प्रेक्षकाने दिल्लीला न जाता पाहिले. प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी शंभरात एकानेही दिल्ली पाहिली नसेल. पण लाल किल्ला सर्वांच्या ओळखीचा झाला. न पाहिलेली जागा आपली वाटू लागणे, हीच राष्ट्रभावनेची एक साधी व्याख्या करता येईल.

दुसरे कारण बाहेरून आले. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात युद्धाने मोडलेल्या इटलीतील चित्रपट आले. रोमच्या खऱ्या रस्त्यांवर, साध्या माणसांना घेऊन केलेले ते चित्रण पाहून आपले दिग्दर्शक हादरले. बिमल रॉय यांचा "दो बिघा जमीन" १९५३ साली आला. कर्ज फेडण्यासाठी गावाहून कलकत्त्यास आलेला शेतकरी तेथल्या खऱ्या रस्त्यांवर रिक्षा ओढतो. बलराज साहनी या नटाने त्यासाठी प्रत्यक्ष रिक्षा ओढण्याचा सराव केला होता. पुढच्याच वर्षी चेतन आनंद यांचा "टॅक्सी ड्रायव्हर" मुंबईच्या रस्त्यांवर फिरला. १९५६ च्या "सी. आय. डी."मध्ये मरीन ड्राइव्हवरून घोडागाडी दौडते आणि एक गाणे शहराची थट्टा करते. या चित्रपटांतून देशभरच्या प्रेक्षकाने मुंबई आपली म्हणून पाहिली. गावाहून येणारा तरुण, स्थानकाचा कळस, समुद्राची वळणदार भिंत, पदपथावरची झोप हा क्रम इतका रूढ झाला, की "देश" म्हणजे गाव सोडून शहरात आलेला माणूस, असे एक समीकरणच बनले.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. राष्ट्राची खूण म्हणून पडद्यावर ज्या वास्तू येतात, त्यांपैकी किती तरी परक्या सत्तेने उभारलेल्या आहेत. गेटवे ऑफ इंडिया ही कमान पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या आगमनाची आठवण म्हणून योजिली गेली आणि १९२४ साली खुली झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी तिच्यातूनच बाहेर पडली. व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ साली पूर्ण झाले ते राणीच्या नावाने. १९९६ साली त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. दिल्लीचे इंडिया गेट हे साम्राज्यासाठी लढताना पडलेल्या सैनिकांचे स्मारक. या वास्तू पाडाव्या लागल्या नाहीत. लोकांनी त्यांचा अर्थ बदलला, आणि त्या कामात चित्रपटाचा वाटा मोठा आहे. सावेदादांच्या चित्रातील बंदराप्रमाणेच येथेही जागा तीच राहिली, तिच्यातून चालणारी माणसे बदलली.

२००६ सालच्या "रंग दे बसंती"ने या गोष्टीला एक नवेच वळण दिले. त्या चित्रपटातील तरुण अन्यायाच्या निषेधार्थ इंडिया गेटपाशी मेणबत्त्या घेऊन जमतात. चित्रपट जानेवारीत आला. मार्च महिन्यात एका तरुणीच्या खुनाच्या खटल्यातील निकालाविरुद्ध दिल्लीचे नागरिक खरोखरच मेणबत्त्या घेऊन त्याच जागी जमले. पूर्वी रस्त्यावर घडलेले पडद्यावर येई. आता पडद्यावर घडलेले रस्त्यावर आले. त्या चित्रपटात दुर्गाभाभी ही क्रांतिकारक स्त्री एक पात्र म्हणून येते. या दुर्गाभाभींनी आपल्या साथीदारांसह ऑक्टोबर १९३० मध्ये, भगतसिंगांच्या फाशीच्या शिक्षेचा सूड म्हणून, मुंबईत एका गोऱ्या पोलीस सार्जंटवर गोळ्या झाडल्या होत्या. ती जागा कोणती? लॅमिंग्टन रोडवरील पोलीस ठाण्याचा परिसर. चित्रपटांच्या बाजारपेठेच्या मधोमध घडलेली ती घटना लोकांच्या आठवणीतून जवळजवळ निघून गेली. जागा सर्वांच्या पायाखालची असली म्हणजे ती आठवणीत राहतेच असे नाही.

४

मराठी चित्रपटाने शहरी जागेचा राष्ट्रीय अर्थ सर्वांत गंभीरपणे कोठे मांडला, असे विचाराल तर मी १९७९ सालच्या दोन कृतींची नावे घेईन. जब्बार पटेल यांच्या "सिंहासन"मध्ये अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांतील मुंबई आहे: मंत्रालय, गिरणगाव, वर्तमानपत्राची कचेरी. लोकशाहीत सत्ता कोठे बसते आणि तिची किंमत कोणत्या गल्लीत मोजली जाते, हे त्या चित्रपटाने इमारतींच्या भाषेत सांगितले.

दुसरी कृती "२२ जून १८९७". नचिकेत आणि जयू पटवर्धन या दांपत्याचा हा चित्रपट. प्लेगच्या काळात पुण्यातील घराघरांत शिरून सोजिरांनी केलेला छळ, आणि त्याचा सूड म्हणून चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर केलेला हल्ला, हा त्याचा विषय. त्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी होती. तेथून परतणाऱ्या गाड्यांवर, गणेशखिंडीच्या रस्त्यावर, गोळ्या झाडल्या गेल्या. लेफ्टनंट आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँड काही दिवसांनी. दामोदर हरी चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या वाड्यांत आणि बोळांत घडणारी, अगदी स्थानिक भासणारी ही कथा साऱ्या देशाची ठरली. एक गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष: या चित्रपटाच्या लेखनात शंकर नाग यांचा वाटा होता. उत्तर कन्नड जिल्ह्यात जन्मलेला, पुढे कन्नड रसिकांच्या गळ्यातील ताईत झालेला हा कलावंत पुण्याच्या क्रांतिकथेत हात घालतो, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या माणसास काही शिकावयास मिळते.

आज गणेशखिंडीच्या त्या गव्हर्नमेंट हाउसच्या आवारात पुणे विद्यापीठ आहे. हजारो मुले त्या रस्त्याने रोज जातात. स्थानिक जागा राष्ट्रीय कधी होते? ती मोठी असते तेव्हा नव्हे. तिच्यावर कोणी काही तरी पणाला लावलेले असते तेव्हा.

५

आता या विषयाची दुसरी बाजू. पडद्यावरची ओळखीची जागा पुष्कळदा ती जागा नसतेच. १९७५ साली आलेला "शोले" मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हामध्ये पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातील रामगढ हे गाव उत्तर हिंदुस्थानातील म्हणून साऱ्या देशाने मानले. प्रत्यक्षात ते खडक आपल्या कर्नाटकातील, बंगळूरजवळच्या रामनगरचे. मणिरत्नम यांच्या १९९५ सालच्या "बॉम्बे"मधील दंगलीने पेटलेल्या गल्ल्या मद्रासमध्ये उभारलेल्या होत्या. कलेला ही मोकळीक असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने हिशेब ठेवला पाहिजे. रामनगरने आपले खडक दिले आणि नाव गमावले. देशाची प्रतिमा घडताना काही गावे आपला चेहरा देतात आणि ओळख दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

हुबळीच्या बाबतीत तर चेहराही फारसा मागितला गेला नाही. आपल्या गावाचे देशाच्या प्रतिमेशी नाते मात्र अनेकांना वाटते त्याहून घट्ट आहे. तीन उदाहरणे देतो.

पहिले कित्तूरच्या राणी चेन्नम्मांचे. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. अठराशे सत्तावनच्या तेहेतीस वर्षे आधीची ही गोष्ट. १९६१ साली बी. आर. पंतुलू यांनी या राणीवर कन्नड चित्रपट काढला, बी. सरोजादेवी राणीच्या भूमिकेत होत्या. आपल्या गावातील चेन्नम्मा चौक आज हुबळीची पहिली खूण आहे. २००७ साली दिल्लीला संसदेच्या आवारात राणीचा पुतळा बसला. गावाची राणी देशाची झाली. तिच्या वाटेत एक चित्रपटही होता.

दुसरे उदाहरण अधिक मार्मिक आहे. चित्रपटात राष्ट्राची शेवटची खूण कोणती असते? ध्वज. उदयकालात जो कापला गेला, तो ध्वज आज कोणत्याही चित्रपटात मोकळेपणी फडकतो. खादीचा प्रमाणित राष्ट्रध्वज बनविणारे देशातील प्रमुख केंद्र हुबळीच्या बेंगेरी भागात आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या आवारात ध्वजाचे कापड तपासले जाते, रंगविले जाते, अशोकचक्र छापले जाते आणि शिलाई होते. मानकात बसत नसेल तर एका टाक्याच्या चुकीवरूनही ध्वज बाद होतो. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली, आणि हातकताईच्या या कामापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. पडद्यावर ध्वज दिसताच आपण उभे राहतो. तो शिवणारा हात मात्र कोणत्याही चित्रपटात दिसल्याचे माझ्या स्मरणात नाही.

तिसरे उदाहरण आनंदाचे. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर "मिले सुर मेरा तुम्हारा" हा लघुपट प्रथम दाखविला गेला. धबधबा, ताजमहाल, कलकत्त्याची भुयारी रेल्वे, समुद्रकिनारे, अशा जागांची माळ ओवून देश उभा करण्याची ती युक्ती होती. संगीताच्या बाजूला अशोक पत्कींसारखे मराठी संगीतकार होते. आणि आरंभीचा सूर कोणाचा? पंडित भीमसेन जोशी यांचा. गदगच्या मातीतले आणि हुबळीजवळच्या कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे शिष्य. त्या माळेत हुबळी-धारवाडची एकही जागा नाही. पण पहिला आवाज याच मातीतला आहे.

जागेशी राष्ट्राची खूण जोडण्याचे काम नेहमी सुखाचे असते असे मात्र नाही. आपल्या गावातील ईदगाह मैदानावर ध्वज फडकविण्यावरून १९९० च्या दशकात जो तंटा झाला, त्यात १५ ऑगस्ट १९९४ रोजी गोळीबार होऊन माणसे दगावली. त्या वादाच्या तपशिलात आज शिरत नाही. एवढेच म्हणतो, की जागा आणि ध्वज यांची सांगड पडद्यावर घालणे सोपे असते. तेथे रक्त रंगाचे असते. गावात ती सांगड घालताना शेजाऱ्याचा हात हातात असावा लागतो.

६

शेवटी पुन्हा लॅमिंग्टनसाहेबांकडे येऊ. मुंबईचे हे माजी गव्हर्नर निवृत्तीनंतर विलायतेत हिंदुस्थानविषयक सभांना हजर राहत. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये अशीच एक सभा होती. सभा संपता संपता उधमसिंग या पंजाबी क्रांतिकारकाने गोळ्या झाडल्या. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर जागीच ठार झाला. जखमी झालेल्यांत लॉर्ड लॅमिंग्टन होते. उधमसिंग ३१ जुलै १९४० रोजी फासावर गेले. लॅमिंग्टन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वारले. २०२१ साली शूजित सरकार यांनी "सरदार उधम" हा चित्रपट काढला आणि कॅक्स्टन हॉलमधील तो प्रसंग नव्या पिढीने पाहिला.

म्हणजे, श्रोतेहो, ज्या नावाच्या रस्त्याने आपली मुले रोज शाळेत जातात, त्या नावाला अमृतसरच्या बागेतून निघून लंडनच्या सभागृहात पोचलेल्या सूडाची जखम आहे. हे आपल्याला चित्रपटाने सांगावे लागले काय? चित्रपटानेही ते पुरते सांगितले नाही. हुबळीच्या रस्त्याचा आणि कॅक्स्टन हॉलचा संबंध जोडणे हे आपले, म्हणजे गावाचे आणि शाळेचे काम होते.

चित्रपटाला दोष देण्यासाठी हे मी बोलत नाही. सावेदादांच्या बंदरापासून इंडिया गेटच्या मेणबत्त्यांपर्यंत चित्रपटाने आपल्यावर एक मोठे ऋण केले आहे. कधी न पाहिलेल्या जागा त्याने आपल्याला आपल्या केल्या. मराठी बोलणाऱ्या आणि कर्नाटकात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर त्याचा दुहेरी लाभ झाला. पडद्यावर गणेशखिंड दिसली तेव्हा आपण "आमची" म्हटले, आणि कित्तूरचा किल्ला दिसला तेव्हाही "आमचा"च म्हटले. दोन्ही वेळा आपण खरे बोललो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या. आपलेपणाच्या सीमा त्याच रेषेने आखाव्यात असा नियम नाही.

पण या लाभाची एक किंमत आहे. न पाहिलेली जागा आपली झाली, आणि रोज पाहिलेली जागा कोणाचीच राहिली नाही. मरीन ड्राइव्हची वळणे आपल्या मुलांना पाठ आहेत; शांताराम ज्या दारावर उभे राहत ते दार कोठे होते, हे विचारावयास त्यांना सुचत नाही. म्हणून या शाळेला माझी एक नम्र सूचना आहे. दरवर्षी दहावीच्या मुलांनी गावातील एकेक जागा घ्यावी: रेल्वेचा कारखाना, बेंगेरीचे खादी केंद्र, एखादे बंद पडलेले चित्रपटगृह, एखादा चौक. वृद्धांना विचारून, कागदपत्रे पाहून, मराठी, कन्नड, उर्दू, ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत तिची हकीकत लिहून काढावी आणि शाळेने ती जपून ठेवावी. उद्या एखादा दिग्दर्शक कॅमेरा घेऊन येथे येईल किंवा येणारही नाही. आला तर त्याला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही असेल. न आला तरी "हे कोठे घडले?" या प्रश्नाला आपल्या मुलांजवळ उत्तर असेल. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांचे शिकविणे त्याने सार्थकी लागेल, असा मला विश्वास वाटतो.